नाव परत घ्यायचा खर्च

"मैडम, म्यूचुअल है, प्रेम से हो रहा है, तो सस्ते में निपट जाएगा," असं वकिलानं पहिल्याच दिवशी सांगितलं. प्रेमानं होऊन राहिला म्हणून घटस्फोट स्वस्तात! मला फस्सकन हसू आलं. शेजारी माझा नवरा बसला होता, त्याला नाही आलं. तो माझी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन, पालकसभेला आलेल्या बापासारखा गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होता.

नवऱ्याला मी बावीस वर्षं "अहो" म्हटलं. आता लिहिताना "तो" म्हणते आहे. कोर्टानं मला एवढी एकच सूट दिली, ती तरी वापरून घ्यावी म्हटलं.

लोकांना आधी कारण पाहिजे असतं, म्हणून सांगून टाकते. दारू नव्हती. मारहाण नव्हती. दुसरी बाई नव्हती, निदान तेव्हा तरी नव्हती. तो इथं जबलपूरला संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होता, मी एका खाजगी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. फॅक्टरीचं क्वार्टर होतं, दारात पेरूचं झाड होतं, मूल नव्हतं. मुलासाठी डॉक्टर झाले, नवस झाले, भोपाळच्या दवाखान्याच्या खेपा झाल्या, आणि मग एक दिवस तो विषय आम्ही दोघांनीही काढणं बंद केलं. तो बंद झाल्यावर लक्षात आलं की आमच्याकडे दुसरा विषयच नाही. मग त्याची बदली नागपूरजवळच्या फॅक्टरीत झाली. त्यानं विचारलं, "येतेस का?" मी म्हटलं, "माझी शाळा आहे ना." तो म्हणाला, "बरं." एवढंच. एवढा मोठा संसार एका "बरं"वर संपतो, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

क्वार्टर सोडलं, मी चेरीतालला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तो आधी महिन्यातून एकदा यायचा, मग सणावाराला, मग सणही त्याला रजा बघून आठवायला लागले. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात आला, चहा घेतला आणि कपात बघत म्हणाला, "आपण कागदावरही वेगळं होऊन जायचं का? भांडण नको, काही नको. नीट." मी म्हटलं, "चालेल." जाताना त्यानं दोन्ही कप विसळून पालथे घातले. त्या कपांचाच मला जास्त राग आला. एवढं नीट वागायचं होतं तर आधी वागायचं होतं ना!

दाराशी त्यानं विचारलं, "तुला काय पाहिजे ते सांग." पोटगी मला नको होती, माझं मी कमावते. दागिने होते ते माझ्याजवळच होते. मी म्हटलं, "मला माझं नाव परत पाहिजे."

"ते तर होईलच ना. माहेरचं आडनाव लावायचं."

"आडनाव नाही हो. नाव."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याची पेन्शन मागितली.

लग्नात माझं नाव बदललं होतं. आपल्यात बदलतात तसंच, ताटात तांदूळ, नवऱ्याच्या हातात अंगठी, आणि फोटोग्राफर "भैया, थोड़ा इधर" करून राहिलेला. माझ्या बाबतीत तर कारणही होतं. माझ्या नणंदेचं आणि माझं नाव एकच. "एका घरात दोघी एकाच नावाच्या, हाक मारली तर यायचं कोणी?" सासूबाई म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. पण दोघींतल्या एकीनं नाव सोडायचं तर ती मीच, हे ठरवायला कोणाला अर्धं मिनिटही लागलं नाही. दोन वर्षांनी नणंदेचं लग्न झालं, तिच्या सासरच्यांनी तिचंही नाव बदललं. म्हणजे आमच्या घरातली त्या नावाची जागा रिकामी झाली. मी वाट पाहिली, आता तरी कोणी म्हणेल की चल, तुझं तू घे परत. कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, ती चूक माझी.

ते नाव माझ्या बाबांनी ठेवलं होतं. बाबा रेल्वेत गार्ड होते, गाडी घेऊन गेले की दोन-दोन दिवस घरी नसायचे. परत आले की चपला काढायच्या आधी दारातूनच मला हाक मारायचे, पूर्ण नावानं, लाडाचं काही नाही. ते गेले. मग त्या नावानं हाक मारणारी एक आईच राहिली, तीही तीन वर्षांपूर्वी गेली. भाऊ मला ताई म्हणतो, शाळेत सगळ्यांची मी दीदी नाहीतर मॅडम. म्हणजे त्या नावानं मला ओळखणारं माणूस जगात उरलंच नव्हतं. मला वाटायचं, निदान कागदावर तरी असावं. मरणाच्या दाखल्यावर तरी बाबांनी ठेवलेलं नाव यावं. हसायचं तर हसा, पण मला त्या सगळ्या प्रकारातून एवढंच पाहिजे होतं.

दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. एक वापरायचा हक्क राहिला नाही आणि दुसरं लिहायची इच्छा नाही.

माझ्याकडे भिशीचे चाळीस हजार होते. शाळेतल्या बायकांची भिशी, दोन वर्षं पोट मारून भरलेली. वकिलानं दोघांचे मिळून तीस हजार सांगितले, म्हणजे पंधरा-पंधरा. मी मनात वाटणी केली: पंधरा वेगळं व्हायचे, पाच वरखर्चाचे, आणि वीस माझ्या नावाचे. मी चौकशी करून ठेवली होती ना! आडनाव बदलायला घटस्फोटाची डिक्री चालते. पण नाव बदलायचं तर शपथपत्र करा, पेपरात जाहिरात द्या, भोपाळच्या राजपत्रात छापून आणा, आणि मग आधार, पॅन, बँक, शाळेचं सर्व्हिस बुक, प्रॉव्हिडंट फंड, एकेका खिडकीशी उभं राहा. त्या सगळ्याचे वकील वेगळे वीस घेणार होता. ते वीस हजार मी एका पाकिटात घालून कपाटात ठेवले. बँकेत नाही ठेवले. बँकेच्या खात्यावर दुसरंच नाव होतं, त्या नावाच्या बाईजवळ माझे पैसे काहून ठेवायचे?

आमच्या लग्नाची नोंदणी कधी झाली नव्हती. तेव्हा कोण करत होतं! त्यामुळे लग्न झालं याचा पुरावा म्हणून पत्रिका आणि फोटो जोडले. आमची पत्रिका एका बाजूला मराठीत, एका बाजूला हिंदीत होती, जबलपुरातल्या सगळ्यांची असते तशी. अर्ज आत गेला आणि थोड्या वेळात वकिलाला बोलावणं आलं. मागोमाग आम्ही दोघं. कागद तपासणारे बाबू चष्म्यावरून एकदा माझ्याकडे, एकदा पत्रिकेकडे बघून राहिले होते.

"ये कार्ड किसकी शादी का है?"

"हमारी," मी म्हटलं.

"इसमें लड़की तो दूसरी है."

पत्रिकेवर अर्थातच माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. आडनाव वेगळं असतं हे त्यांना माहीत होतं, ते त्यांना चालत होतं. पण नावच वेगळं! बाबू माझ्या नवऱ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "भाई साहब, पहली वाली का क्या हुआ?"

माझा नवरा कोणाकडे जेवायला गेला आणि भाजी खारट असली तरी खोटं बोलू शकत नाही, अशातला माणूस. तो लालबुंद झाला. "पहली वाली यही है जी," तो म्हणाला. "दूसरी वाली भी यही है." बाकावर बसलेल्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

बाहेर आल्यावर वकिलानं कपाळावर हात मारला. "आप मराठी लोग भी ना! हमारे यहाँ सरनेम बदलता है, आपके यहाँ तो पूरी लड़की ही बदल देते हैं." मला त्याचा असा राग आला की विचारू नका. पण बोलला ते खरं बोलला. इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं, आणि बोलला तो फी घेऊन.

बाबूंचं काही चुकलं नव्हतं. त्यांना नावं दोन दिसत होती आणि बाई एक. सिद्ध करा म्हणाले. शपथपत्र करा की दोन्ही नावांची बाई एकच आहे, दोन पेपरांत जाहिरात द्या, कोणाची हरकत येते का बघा, मग अर्ज परत लावा.

कोर्टासमोरच्या गाडीवर आम्ही समोसे घेतले. वकिलाच्या मुंशीनं खर्च लिहून दिला होता. शपथपत्र, नोटरी, दोन जाहिराती, अर्ज परत टाइप करणं, वकिलाचे जास्तीचे, त्याचं स्वतःचं चहापाणी. सगळं मिळून साडेनऊ हजार. तोपर्यंतचा प्रत्येक खर्च आम्ही अर्धा-अर्धा केला होता. ऑटोचे ऐंशी झाले तर तो चाळीस मोजून माझ्या हातावर ठेवायचा. मी म्हटलं, "म्हणजे पावणेपाच-पावणेपाच."

तो समोशाचा कागद घडी करत बसला. मग म्हणाला, "हा तर तुझ्या नावाचा खर्च आहे ना."

"काय?"

"म्हणजे माझं नाव तर सगळीकडे एकच आहे. माझ्या कागदाला काही ऑब्जेक्शन नाही. मी देत नाही असं नाही म्हणून राहिलो, मी फक्त म्हणून राहिलो की..."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. "नाव कोणी बदललं माझं? मी बदललं?"

"मी कुठं बदललं? आईनं सांगितलं. मी फक्त लिहिलं."

"मग आईला मागू का अर्धे?"

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलले आणि जीभ चावली. त्याचे डोळे भरून आले, तिथंच, रस्त्यात, हातात तो समोशाचा कागद धरून. मला वाटलं, झालं, आता सुरू होणार, आणि आपलं तर ठरलं होतं की भांडायचं नाही. भांडायचं नाही हे एकच काम आम्हाला दोघांना मिळून जमत होतं. तेही गेलं तर काय राहिलं? मीच म्हटलं, "जाऊ द्या. मी देते." तो लगेच म्हणाला, "नाही नाही, हजार-दोन हजार मी पण..." मी ओरडले, "जाऊ द्या म्हटलं ना!" समोसेवाला तळता तळता थांबला.

घरी येऊन कपाट उघडलं आणि त्या पाकिटातून साडेनऊ हजार काढले. वरखर्चाचे पाच तर केव्हाच उडाले होते. नाव परत घ्यायला ठेवलेले पैसे मी ते दुसरं नाव माझंच आहे हे सिद्ध करायला देऊन राहिले होते. पण तेव्हा असं काही डोक्यात आलं नाही. तेव्हा वाटलं, साडेदहा राहिले, बाकीचे पुढच्या भिशीतून भरून काढू.

शपथपत्राच्या दिवशी त्याचीही सही लागणार होती. तो सकाळच्या गाडीनं आला, चारच्या गाडीनं परत जायचं होतं. त्याच्या रजा संपत आल्या होत्या. नोटरीपुढे रांग, त्यात टाइप करणाऱ्याची बिजली गेली, सगळं होता होता सव्वातीन वाजले. कागद हातात आला. मी मास्तरीण बाई, मुलांच्या वहीतली एक ओळ सोडत नाही. मी वाचला. शेवटी लिहिलं होतं की मी माझं पूर्वीचं नाव कायमचं सोडलं आहे, यापुढे सगळ्या कागदांत आणि व्यवहारात मी फक्त दुसऱ्याच नावानं ओळखली जाईन, आणि पूर्वीच्या नावावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.

"ये क्या लिख दिया?" मी मुंशीला विचारलं.

"फॉर्मेट है मैडम. नाम बदलने में सबका यही रहता है."

"पर मैं नाम बदल कहाँ रही हूँ? मैं तो बता रही हूँ कि दोनों मैं ही हूँ."

"दूसरा बनवाएँगे तो अब कल होगा. नोटरी साहब उठने वाले हैं."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं घड्याळ बघितलं. मला दिसू नये म्हणून मनगट जरासं वळवून, चोरून. उद्यापर्यंत थांबायचं तर त्याची बिनपगारी रजा, आणि रात्री राहायचं कुठं? माझ्या दोन खोल्यांत? ते त्यालाही नको होतं आणि मलाही. "कर ना सही," तो हळूच म्हणाला. "नंतर बदलून घेशील. तुझं नाव कुठं पळून चाललं?"

मी सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. त्याची गाडी चुकू नये म्हणून मी सही केली. एवढी वर्षं त्याचा डबा सातच्या आत भरायची सवय, हात आपोआप चालला. समजुतीनं वेगळं होणं फार चांगलं, असं आता मला कोणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. समजुतीनं म्हणजे काय, तर एकानं घड्याळ बघायचं आणि दुसऱ्यानं समजून घ्यायचं. भांडत असते तर मी तो कागद त्याच्या तोंडावर फेकला असता आणि दुसरा टाइप करून घेतला असता.

जाहिरात द्यायला मी एकटीच घमापूरला गेले. दुकान एवढंसं, तिसऱ्या गिऱ्हाइकानं रस्त्यातच उभं राहावं असं. तिथला माणूस ओळीवर पैसे घेत होता. माझी दोन पूर्ण नावं, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, जुना पत्ता, नवा पत्ता, सात ओळी झाल्या. "थोड़ा छोटा कर लीजिए दीदी, पैसे बचेंगे." मी म्हटलं, "किसको काटूँ भैया, तुम ही बताओ." तो बिचारा हसला. शेवटी आम्ही जुना पत्ता कापला.

रविवारी छापून आलं. सोमवारी मधल्या सुट्टीत हिंदीच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये कालचा पेपर उघडला आणि केवढ्यानं तरी म्हणाल्या, "अरे दीदी! पहले आपका ये नाम था? कितना सुंदर नाम है!" आणि त्यांनी ते वाचलं. कोर्टात बाबूंनी पत्रिकेवरून वाचलं ते वेगळं. ह्यांनी प्रेमानं म्हटलं, हिंदी वळणानं का होईना. आई गेल्यावर पहिल्यांदा ते नाव मी कोणाच्या तोंडून असं ऐकलं, आणि ऐकलं ते मीच ते नाव सोडून दिलं आहे, अशा जाहिरातीतून. मी प्रयोगशाळेत गेले, दार लावलं आणि हमसून हमसून रडले. मग सातवीचा तास होता, तो घेतला.

पुढचं सगळं सुरळीत झालं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? नाही. परत एकत्र राहायची काही शक्यता? नाही. सहा महिने थांबून परत तेच प्रश्न, तीच उत्तरं. मध्ये एक तारीख पुढे गेली, त्याचा येण्याजाण्याचा खर्च फुकट गेला, तो त्यानं माझ्याकडे अर्धा मागितला नाही, मीच दिला. वकिलानं "काम बढ़ गया" म्हणून दोनदा जास्तीचे घेतले. डिक्रीच्या प्रती काढायच्या होत्या, त्याला दोन, मला दोन. घरमालकानं त्याच वेळी भाडं वाढवलं आणि नवीन ॲडव्हान्स मागितला. पाकिटात अकराशे रुपये राहिले, मग मी ते पाकीट कपाटातून काढून पर्समध्येच टाकलं, त्याला वेगळं ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

डिक्री मिळाली त्या दिवशी आम्ही कॉफी घेतली. तो म्हणाला, "तुझ्यासारखी समजूतदार बाई मिळाली म्हणून हे असं झालं. लोकांचं किती वाईट होतं." मनापासून म्हणाला. मी माझ्या कॉफीचे पैसे दिले.

पंधरा दिवसांनी वकिलाकडे गेले. म्हटलं, आता माझ्या नावाचं किती लागेल ते एकदा सांगा, मी हळूहळू जमवते. त्यानं फाइल उघडली आणि जाहिरातीचं कात्रण माझ्यासमोर धरलं. "मैडम, ये नाम तो आप ही ने छोड़ा है. लिखकर. दो-दो अखबार में." मी म्हटलं, ते तर तुमच्याच मुंशीचं फॉर्मेट होतं. तो म्हणाला, सही तर तुमची आहे ना. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. होऊ शकतं म्हणाला, पण आधी का सोडलं आणि आता का पाहिजे, याचं उत्तर प्रत्येक खिडकीवर द्यावं लागेल. आधारवाले तर आधीचं शपथपत्र दाखवून परत पाठवतील. वीस हजारांत आता होणार नाही, तीस-पस्तीस धरा, आणि होईलच असं मी लिहून देत नाही.

शाळेत प्रिन्सिपल सरांना विचारलं. सर भले माणूस आहेत. "मैडम, सात साल बचे हैं रिटायरमेंट को. पीएफ इसी नाम पर है. कहीं अटक गया तो बुढ़ापे में चक्कर लगाएँगी. क्यों छेड़ रही हैं?" खरंच होतं त्यांचं. त्या पीएफशिवाय मला म्हातारपणी दुसरं आहे काय? भावाला फोन केला, तो म्हणाला, "ताई, नावात काय ठेवलंय आता ह्या वयात?" त्याला बाबा दारातून हाक मारायचे त्याच नावानं तो अजून जगतो आहे, त्याला काय कळणार! मी म्हटलं, हो रे, बरोबर आहे तुझं. आणि तो विषय मी संपवला. हात टेकले. शाळेच्या मस्टरवर रोज सकाळी मी ते दुसरं नाव लिहिते, रोज, आणि रोज मला ते लिहिताना राग येतो, आणि मग प्रार्थनेची घंटा होते.

गेल्या महिन्यात, रविवारी सकाळी, मी कपडे वाळत घालून राहिले होते तर त्याचा फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाला, "तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून सांगून राहिलो. मी लग्न करतो आहे. ऑफिसातल्याच आहेत, मिस्टर गेले त्यांचे. साधंच, घरच्या घरी." मी म्हटलं, "बरं झालं. जेवणाचे हाल होत होते तुमचे." खोटं नाही बोलले, मला खरंच बरं वाटलं, थोडं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचं नाव काय ठेवणार?"

"नाव?" तो हसला. वाईट हसला नाही, साधं हसला. "काहून बदलायचं आता? तिचं तिचं राहील. आजकाल कोण बदलतं! आणि उगीच कागदांची कटकट. आपण पाहिलं ना, किती खर्च आला."

हातात ओली साडी होती, तिचं पाणी पायावर टपकत होतं. त्याला वाटलं लाइन कटली. त्यानं मला हाक मारली, एकदा, मग परत एकदा जोरात, त्यानंच ठेवलेल्या नावानं.

मी ओ दिली.